तिरक्या उजेडातला कागद

कागद पारखणारा छापखान्यातला जुना जाणकार ताव बोटांनी चाचपतो आणि मग डोळ्यांच्या पातळीत आडवा धरून उजेडाकडे पाहतो. समोरून एकसारखा पांढरा दिसणारा ताव तिरका धरला की त्याचे उंचवटे आणि दाबाचे पट्टे उघडे पडतात. या नजरेला आकड्यांत आणायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पिएर बुगेर यांनी खडबडीत पृष्ठभाग म्हणजे वेगवेगळ्या दिशांना कललेले असंख्य सूक्ष्म आरसे, अशी कल्पना मांडली. 1760 मध्ये गणितज्ञ लॅंबर्ट यांनी कोणत्याही बाजूने सारखाच उजळ दिसणाऱ्या आदर्श निस्तेज पृष्ठाचा नियम दिला. खरा कागद आरसाही नाही आणि लॅंबर्टचे पृष्ठही नाही. त्याच्यावरून दोन उजेड परततात. एक वरच्या वरच, आरशासारखा. दुसरा तंतूंच्या जाळ्यात शिरतो, विखुरतो आणि सगळीकडून बाहेर पडतो. कागदाचा रंग व शुभ्रता या दुसऱ्या उजेडातून कळते, पृष्ठाचा पोत पहिल्यातून. डोळ्याला मात्र दोन्ही एकत्रच मिळतात.

ते वेगळे कसे करायचे? वाट 1808 मध्ये मालुस आणि 1815 मध्ये ब्रूस्टर या भौतिकशास्त्रज्ञांच्या कामाने उघडली: ठरावीक कोनात परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत होतात. आतून फिरून आलेला प्रकाश मात्र ही खूण गमावतो. 1914 च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ इंगरसोल यांनी याच फरकावर ‘ग्लेरिमीटर’ हे मोजणीचे उपकरण उभारले. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्यांनी मोजायला घेतली होती डोळ्यांना खुपणारी चमक. कागदाचा तो दोष होता.

पुढच्या दोन दशकांत त्याच मापाकडे गुण म्हणून पाहिले जाऊ लागले. 1937 मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रिचर्ड हंटर यांनी चकाकीचे सहा प्रकार वेगळे केले आणि एकाच आकड्यात चकाकी मावत नाही हे दाखवले. तरी व्यापाराला एक आकडा हवाच असतो. लंबापासून 75 अंशांवरून टाकलेल्या प्रकाशाचे माप कागद उद्योगात रूढ झाले. इतक्या तिरक्या प्रकाशात बारीक उंचसखलपणाचा अडथळा कमी होतो, म्हणून साध्या कागदांमधला फरकही नीट हाती लागतो.

कागदाच्या मोजमापाची ही गोष्ट नागपूरला परकी नाही. अमरावती मार्गावरच्या, 1942 मध्ये सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत कागद तंत्रज्ञान शिकवले गेले आहे आणि दक्षिणेला वर्धा नदीकाठी बल्लारपूरची गिरणी बांबूच्या लगद्यावर उभी राहिली. बांबूचा लगदा मुळात पिवळसर. तो किती निखरला हे 457 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात पाहतात, कारण लगद्यात उरलेल्या लिग्निन या द्रव्याचा पिवळेपणा तिथे सर्वांत ठळक दिसतो. मग शुभ्रता वाढवणारी द्रव्ये मिसळली जातात. ती अदृश्य अतिनील किरणे शोषून निळा उजेड देतात आणि शुभ्रतेचा आकडा 100 टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकतो. अतिनील किरणे जवळपास नसलेल्या एलईडी दिव्याखाली ही जादा शुभ्रता उरत नाही. असा आकडा मिरवण्यात मला अर्थ वाटत नाही.

विदर्भातल्या उन्हाळ्यात खिडकीजवळच्या बाकावर बसलेल्या मुलाला गुळगुळीत आर्ट पेपरवरचा धडा वाचताना पान सतत कलते करावे लागते. त्याच्यासाठी इंगरसोल यांचा मूळ प्रश्न आजही तितकाच खरा आहे. पाठ्यपुस्तके, दिवाळी अंक, शाळांची वार्षिके यांचा कागद ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: शुभ्रतेआधी चकाकीचा आकडा विचारा आणि ज्याचा तो कमी असेल तोच कागद घ्या.