शब्दनित्यत्व आणि ध्वनिमुद्रिका

मीमांसा आणि न्याय या दर्शनांमधील शब्दनित्यत्वाचा वाद मुळात वेदप्रामाण्यासाठी उभा राहिला. वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे कोणाही पुरुषाने रचलेले नाहीत, असे मानायचे तर ज्या वर्णांनी वेदवाक्ये घडतात ते वर्ण उत्पन्न झालेले असून चालत नाहीत. म्हणूनच जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या पहिल्याच पादात शब्द नित्य आहे आणि उच्चार ही केवळ त्याची अभिव्यक्ती, म्हणजे आधीच असलेल्या गोष्टीचे प्रकट होणे आहे, असे प्रतिपादन येते. न्यायदर्शनाला हे मान्य नाही. त्याच्या मते शब्द हा आकाश या द्रव्याचा गुण असून तो संयोगाने किंवा विभागाने उत्पन्न होतो, पाण्यावर तरंगातून तरंग उठावा तसा एका शब्दातून दुसऱ्या शब्दाला जन्म देत कानापर्यंत पोहोचतो (यालाच वीचितरंगन्याय म्हणतात) आणि लगेच नाश पावतो. वेदाचे प्रयोजन बाजूला ठेवले तरी या वादातला एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि एकोणिसाव्या शतकात ध्वनी धरून ठेवणारी यंत्रे निघाल्यावर त्याला अनपेक्षित धार आली: एकदा ऐकलेला आवाज पुन्हा कानी पडतो, तेव्हा तो तोच असतो का?

मीमांसकांचा मुख्य आधार प्रत्यभिज्ञा हा आहे. प्रत्यभिज्ञा म्हणजे ‘हा तोच’ अशी ओळख पटणे. लोक गो हा शब्द आठ वेळा उच्चारला असे म्हणतात, आठ गोशब्द उच्चारले असे म्हणत नाहीत, याकडे शबरस्वामींनी आपल्या भाष्यात लक्ष वेधले आहे. नैयायिकांचे उत्तर असे की दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही तीच भासते, त्याप्रमाणे सजातीय वर्णांच्या सारखेपणामुळे एकत्वाचा भ्रम होतो. शिवाय एकच वर्ण कधी मोठा, कधी बारीक, कधी तीव्र ऐकू येतो, ते नित्य वस्तूच्या बाबतीत कसे संभवेल? यावर मीमांसक वर्ण आणि ध्वनी यांत भेद करतात. मोठेपणा, बारीकपणा, द्रुतता, विलंब हे सारे धर्म वर्णाला प्रकट करणाऱ्या ध्वनीचे आहेत आणि तो ध्वनी अनित्य आहे. वर्णाला त्यांचा स्पर्शही होत नाही. यंत्राने पुढे जे केले त्याचा अर्थ लावताना हा भेद फार उपयोगी पडतो.

पॅरिसमधील मुद्रणव्यवसायातला एदुआर-लेआँ स्कॉट द मार्टिनव्हिल याने १८५७ मध्ये फोनोटोग्राफ नावाच्या यंत्राचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले. नरसाळ्यासारख्या भागातून आत आलेल्या आवाजाने एक पातळ पडदा थरथरत असे आणि त्याला जोडलेले राठ केसाचे टोक काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढत असे. आवाज पुन्हा ऐकवावा हा त्याचा हेतूच नव्हता. वाणीने स्वतःची लिपी स्वतः लिहावी, एवढेच त्याला हवे होते. १८६० च्या एप्रिलमध्ये त्याने एका फ्रेंच लोकगीताची अशी रेघ काढली. ती जवळजवळ दीडशे वर्षे मूक राहिली आणि २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कागदाच्या प्रतिमेवरून संगणकाच्या साहाय्याने तिचा आवाज केला. प्रारंभी तो आवाज एखाद्या स्त्रीचा किंवा मुलीचा वाटला. पुढे लक्षात आले की ती रेघ दुप्पट वेगाने वाचली गेली होती आणि वेग निम्मा केल्यावर पुरुषाचा सावकाश गाणारा गळा प्रकट झाला. वेग चुकला तेव्हाही गाणे ओळखू आले, चुकला तो गळा. मीमांसकांनी द्रुत-विलंबित हे धर्म वर्णाकडून काढून ध्वनीच्या वाट्याला दिले होते, ते किती विचारपूर्वक होते हे यावरून दिसते.

एडिसनने १८७७ मध्ये दंडगोलावर गुंडाळलेल्या कथलाच्या पातळ पत्र्यावर सुईने आवाज कोरला आणि त्याच खाचेतून सुई पुन्हा फिरवून तो ऐकवला. दहा वर्षांनी एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीची पद्धत आणली. खाच हा ध्वनी नाही, ती नुसती आकृती आहे. न्याय-वैशेषिकांच्या पदार्थव्यवस्थेत तिच्यासाठी अगदी जवळचा शब्द आहे: भावना नावाचा संस्कार, म्हणजे अनुभवाने मागे सोडलेला असा ठसा, जो उद्बोधक मिळताच स्मरण उत्पन्न करतो. सुई हा येथला उद्बोधक. परंतु हा संस्कार केवळ आत्म्यात राहतो असा त्या दर्शनाचा आग्रह आहे, आणि लाखेच्या तबकडीला आत्मा नाही. स्मरण करणारा कोणी नसतानाही ठसा असू शकतो, ही गोष्ट प्राचीन विचारवंतांपुढे या रूपात कधी आली नव्हती. तबकडीतून ऐकू येणारे गाणे स्मृती म्हणावे तर ते ज्याने पूर्वी ऐकले नाही त्यालाही ऐकू येते. प्रत्यक्ष म्हणावे तर गाणारा तेथे नाही, आणि प्रत्यक्ष घडते ते आता सुईने उत्पन्न केलेल्या ध्वनीचे. धुरावरून अग्नी ओळखावा तसा तबकडीवरून गळा अनुमानाने कळतो, असे म्हणणे नैयायिकाला भाग पडेल; ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी मात्र अनुमानाने येत नाही, आणि या ठिकाणी न्यायाची व्यवस्था अपुरी पडते असेच म्हणावे लागते.

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात फ्रेड गायसबर्ग याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. सुमारे तीन मिनिटांच्या मुद्रणाच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत असे, कारण तबकड्या परदेशी तयार होत आणि तेथल्या कारागिरांना कोणता आवाज कोणाचा हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. देहापासून सुटलेल्या आवाजाला आपली ओळख सोबत बांधून न्यावी लागली. वेदपाठाच्या किंवा गुरुमुखी गायनाच्या परंपरेत याची गरज कधीच पडत नाही. पद, क्रम, जटा, घन या पाठपद्धती मंत्राचे वर्ण आणि स्वर राखतात, पठण करणाऱ्याचा गळा राखत नाहीत. हजारो गळे बदलले तरी मंत्र तोच, हीच तिथली प्रत्यभिज्ञा. यंत्राने याच्या अगदी उलट केले. मीमांसकांनी जे अनित्य म्हणून सोडून दिले होते, तो श्वास, तो खरखरीतपणा, स्वर लागण्याआधीचा तो क्षणिक कंप, नेमके तेच यंत्राने धरून ठेवले. म्हणून ध्वनिमुद्रणाने शब्दनित्यत्व सिद्ध झाले असे म्हणणे चुकीचे ठरते. सिद्ध झाले ते इतकेच की ध्वनीची अनित्यता लांबणीवर टाकता येते.

महाराष्ट्राच्या संगीतपरंपरेत हे दोन्ही प्रकार एकाच गुरुशिष्याच्या जोडीत दिसतात. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. भास्करबुवा बखले यांचेही नाही, आणि ही उणीव आजही सलते. तरीही खाँसाहेबांची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यांतून ओळखू येत राहिली. त्या गायकीला अभिव्यंजक, म्हणजे प्रकट करणारे माध्यम, पिढ्यान्‌पिढ्या लाभत गेले. गोव्यातील केरी गावच्या केसरबाईंचा स्वतःचा आवाज मात्र तबकडीवर उतरला आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत त्यांच्या भैरवीला स्थान मिळाले. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला निघाले, केसरबाई १६ सप्टेंबरला निवर्तल्या. तबकडीसोबत सुई आहे आणि ती कोणत्या वेगाने फिरवावी हे हायड्रोजन अणूच्या संक्रमणकाळाच्या मापाने आवरणावर कोरलेले आहे, म्हणजे स्कॉटच्या रेघेबाबत झालेली चूक तिथे व्हायला नको. मीमांसकांच्या मते शब्दाला प्रकट करतात ते वायूचे संयोग-विभाग, आणि यान ज्या पोकळीतून जात आहे तिथे वायू नाही. न्यायमताने श्रोत्रेंद्रिय म्हणजे कर्णविवराने मर्यादित झालेले आकाशच. सर्वव्यापी म्हणून ते आकाश त्या यानाभोवतीही आहे, कर्णविवर तेवढे नाही.