झाडाचे औषध आणि शेजाऱ्याची विहीर



गेल्या पावसाळ्यात रविवारच्या मिस्साबलिदानानंतर दोन शेजारी वाडीवाले माझ्याकडे आले. पहिल्याच्या सुपारीला कोळेरोग लागला होता. कोवळी फळे कुजून गळत होती, म्हणून त्याने मोरचूद-चुन्याची फवारणी केली. दुसऱ्याची विहीर कुंपणालगतच. तो म्हणाला, "फादर, देवाने दिलेल्या झाडावर हे विष कशाला? नैसर्गिक उपाय नाहीत का?" पहिला म्हणाला, "फादर, ह्याला पगार आहे. माझं घर सुपारीवर चालतं." मी दोघांना चहा पाजला, उत्तर मात्र देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

नैसर्गिक ते चांगले आणि रासायनिक ते वाईट, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. पण ती टिकत नाही. तंबाखूचा काढा किडीवर मारतात. त्यातले निकोटीन पूर्णपणे नैसर्गिक आहे, आणि जहालही. उलट बोर्डो मिश्रण पाहा. फ्रान्समध्ये चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. नेमक्या त्याच वेली रोगातून वाचल्याचे मिलार्दे या शास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ साली हा उपाय जगापुढे मांडला. आज सेंद्रिय शेतीतही तांब्याच्या औषधांना मर्यादित परवानगी असते. तरीही तांबे कुजत नाही. वर्षानुवर्षे फवारले की ते मातीत साठते आणि गांडुळांना बाधते. म्हणजे बाटलीवरच्या नावाने पाप-पुण्य ठरत नाही.

मग ते कशाने ठरते? माझ्या मते पहिला प्रश्न असा: फायदा कोणाचा आणि भार कोणावर? केरळमधील कासरगोडला काजूच्या बागांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. कीड काजूवर होती, फवारा मात्र खालच्या घरांवर आणि विहिरींवरही पडला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या औषधावर बंदी घातली आणि २०१७ साली पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. ज्यांच्या मालकीचे काजूचे एक झाडही नव्हते, त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली.

दुसरा प्रश्न: आपण वेळेवर काय केले? कोळेरोग पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो. म्हणून जुने बागायतदार पाऊस लागण्याआधीच सुपारीच्या घडांना विरीचे आच्छादन बांधत. वाडीत पाणी साचू न देणे, दाट सावली कमी करणे, गळलेली रोगट फळे वेचून नष्ट करणे हेही उपायच आहेत. मुळकुजीसाठी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून आळ्यात घालतात. पण हे सारे रोगाच्या आधी करायचे असते. भर श्रावणात रोग बळावल्यावर ते अपुरे पडतात. नैसर्गिक उपाय म्हणजे नुसती दुसरी बाटली नव्हे. ती आधीपासून घेतलेली काळजी आहे.

प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आठवा. मालक झाड तोडायला निघतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो; मी भोवती खणीन, खत घालीन, असे म्हणतो. झाडासाठी तो स्वतःचे श्रम देऊ करतो.

म्हणून पहिल्या शेजाऱ्याला मी सांगेन: पोटासाठी फवारणी करावी लागली तर प्रमाणात कर, वारा पाहून कर, आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांग आणि त्याची विहीर झाकून घे. पुढच्या वर्षी मात्र मे महिन्यातच घड बांध. दुसऱ्याला सांगेन: तुझ्या शुद्ध पाण्याचा हक्क खरा आहे, पण त्याची सगळी किंमत शेजाऱ्याच्या चुलीने मोजावी, हे न्यायाचे नाही. झाडावर चढणारा गडी आज सहज मिळत नाही आणि त्याची मजुरीही परवडत नाही. तो शोधायला मदत कर, मजुरीतला वाटा उचल.

कुंपण दोन वाड्यांमध्ये आहे. जमिनीखालचे पाणी एकच आहे.

आपला,
धर्मगुरू