ज्याला कारण सांगता येत नाही

सात-आठ वर्षं उलटलेल्या कुत्र्याला अचानक फिट येते आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या आवरणाची गाठ दिसते. ही मेनिंजिओमा कुत्र्यांच्या मेंदूतल्या प्राथमिक गाठींत सर्वाधिक आढळते, आणि कवटी उघडून ती काढता येते. प्रश्न त्यापुढचा आहे. आपल्याला का दुखवलं जातंय हे ज्याला कधीच कळणार नाही, त्याला बरं करण्यासाठी दुखवण्याचा अधिकार माणसाला आहे का? माझ्या मते आहे, पण तो आपल्या प्रेमातून येत नाही. परत मिळणारे दिवस त्या कुत्र्याच्या स्वतःच्या अनुभवात चांगले असतील, तरच तो अधिकार टिकतो.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस फार नाजूक असतात. मेंदूला सूज येते, रक्तस्राव होऊ शकतो, फिट पुन्हा येतात. भुलीतून नीट न सावरलेल्या कुत्र्याचं खाणं-पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. काही कुत्री एकाच दिशेने गोल फिरत राहतात, काहींना एका बाजूचं दिसेनासं होतं. फिटची गोळी पुढे अनेकदा कायमची मागे लागते. तरीही बरीच कुत्री लवकर पायांवर उभी राहतात, कारण त्यांचं चालणं माणसाइतकं मेंदूच्या बाह्यकावर अवलंबून नसतं. इथेच आपली फसगत होते. फ्रीडरिश गोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुत्र्यांचा प्रमस्तिष्क काढून टाकण्याचे क्रूर प्रयोग केले. त्यातलं एक कुत्रं दीड वर्ष जगलं. ते चालत होतं, तोंडाशी आलेलं खात होतं, पण सांभाळणाऱ्याला ओळखत नव्हतं. म्हणून नुसतं चालू लागण्याला मी बरं होणं म्हणणार नाही. ओळख, कुतूहल, जवळ येण्याची इच्छा हे परतलं का, ते पाहावं लागेल.

यावर आक्षेप असा की लहान मुलाचीही संमती नसते, तरी त्याच्यावर शस्त्रक्रिया करतोच. खरं आहे. पण मूल मोठं झाल्यावर त्या वेदनेला अर्थ देऊ शकतं, तिच्या बदल्यात पन्नास-साठ वर्षं जगू शकतं. कुत्र्याचा हिशेब महिन्यांत मांडावा लागतो. जुन्या अभ्यासांत केवळ शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांचं त्यानंतरचं मध्यक आयुष्य सात महिन्यांच्या आसपास होतं, जोडीला किरणोपचार दिल्यावर ते साधारण सोळा महिन्यांवर गेलं. कुत्र्याच्या आयुष्यात सोळा महिने थोडे नव्हेत. मात्र त्यातले किती महिने दवाखान्याच्या पिंजऱ्यात आणि औषधांच्या गुंगीत गेले, हे विचारल्याशिवाय तो आकडा अपुरा आहे. त्याला उद्याची भीती नसते, हा दिलासा अर्धाच आहे. ‘हे दुखणं संपणार आहे’ हा धीरही त्याला कुणी देऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अहिंसेच्या बाजूने येतो: जीव वाचवण्याचा उपाय असताना तो न करणं, किंवा त्याला मरण देणं, ही हिंसाच. 1928 साली साबरमती आश्रमात असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी डॉक्टरकरवी इंजेक्शन देऊन मरण दिलं, तेव्हा त्यांच्यावर हाच रोष ओढवला होता. दुसऱ्याच्या वेदनेचा विचार न करता त्याचा श्वास तेवढा चालू ठेवणं म्हणजे अहिंसा, असं मला वाटत नाही. पण त्या वासराच्या उदाहरणाचा आधार घेऊन उपचार टाळणंही चूक. तिथे उपाय उरला नव्हता. कवटीच्या वरच्या भागाजवळ असलेली, हाताला येणारी गाठ असेल तर तो असतो, आणि नुसत्या खर्चाच्या किंवा त्रासाच्या भीतीने ‘त्याला सुटू दे’ म्हणणं हा आपल्या सोयीचा निर्णय ठरतो.

खर्च प्रत्येक घराला झेपत नाही, आणि त्यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. मात्र ज्यांना झेपतो त्यांनी होकार देतानाच पशुवैद्यांशी थांबण्याची वेळही बोलून ठेवावी: न्यूमोनिया आटोक्यात आला नाही तर काय, फिट औषधाला दाद देईनाशा झाल्या तर काय, त्याने घरच्यांना ओळखलं नाही तर किती दिवस वाट पाहायची. हे आधीच ठरवायला हवं, कारण नंतर, दहाव्या रात्री, अजून थोडं थांबू असं म्हणणाऱ्या आपल्या मनाला कुत्र्याचं दुखणं नीट दिसत नाही.