तीन रात्रींचा पाहुणा

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पादुका आळंदीहून निघतात आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत प्रवेश करतात. वाट अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. मोटार ती पाच-सहा तासांत तोडते. ‘महाराज, मग इतके दिवस कशाला?’ असे हल्ली कोणी कोणी विचारतात. पूर्वी आम्ही यावर तपाचे शास्त्र सांगत असू. आता घडलेली गोष्टच सांगतो.

‘अतिथी’ या शब्दाची फोड आम्ही कीर्तनांतून शेकडो वेळा केली आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी; शिवाय एकच रात्र राहील तोच अतिथी, असेही स्मृतिकार म्हणतात. व्याख्या तोंडपाठ होती. पण आपण स्वतः तिच्यात बसतो का, हे कधी पाहिले नाही. पालखीची तिथी तर ठरलेली! लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, सगळे मुक्काम ठरलेले. आम्ही यावे, पंगतीला बसावे, रात्री कीर्तन करावे, पहाटे उठून चालू लागावे. गावाचे तोंड पाहिले ते सडा-रांगोळीच्या दिवसाचे. लग्नाच्या मांडवात भेटलेल्या माणसाची खरी ओळख होते काय?

दहाबारा वर्षांखाली चांदोबाचा लिंब येथील उभे रिंगण आटोपून निघालो आणि तरडगावच्या अलीकडे आमचा पाय मुरगळला. आमच्या दिंडीचे जेवण तेथेच एका वस्तीवर होते. पहाटेपर्यंत पाय सुजून भोपळा झाला. मंडळी म्हणाली, ट्रकमधून पुढे नेतो. आम्ही म्हटले, वारीत वाहनाला पाय लावणार नाही. तो नेम होता की अहंकार, माउलीच जाणे! दिंडी फलटणला गेली, आम्ही ओसरीवर राहिलो.

उजाडल्यावर पाहतो तो रस्ता रिकामा आणि जिकडे तिकडे पत्रावळी, द्रोण, चिखल. घरची सून आणि शेजारच्या दोघी पाट्या घेऊन निघाल्या. आम्ही उठून गेलेल्या पंगतीची उष्टी कोण काढतो, हे इतक्या वर्षांत आम्ही प्रथमच पाहिले. त्यांतली एक पत्रावळ आमचीही असणार.

दुपारी कळले की आठ दिवसांमागे पाऊस होऊन वाफसा आला होता. पण पालखीच्या सरबराईसाठी या घराने पाभर थांबवली होती. वाफसा काही कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच बैल जुंपले. आम्ही काठी टेकत बांधापर्यंत गेलो. मुलगा पाभर हाकीत होता आणि सुनेने चाड्यावर मूठ धरली होती. बाजरीचे बी ते केवढे! हात घाईने सुटला की दाट पडते, अडखळला की विरळ. तिचा हात बैलांच्या पावलाशी जुळलेला. टाळाच्या ठेक्यावर इतके चाललो, पण असे पाऊल आमचे किती वेळा जुळले असेल?

तिसऱ्या दिवशी म्हातारीने मटकीचे सूप आमच्यापुढे सारले. ‘रिकामं बसू नगा, म्हाराज. येवढी निवडा.’ स्मृतिकारांच्या हिशेबाने आमचे अतिथिपण पहिल्याच रात्री संपले होते. बाईने ते काम देऊन संपवले. बरे वाटले. खडे वेचता वेचता सहज विचारले, ‘माउली, वाऱ्या किती झाल्या?’

‘येक बी न्हाई. लगीन हून आले तवापासनं पालखी दारात येती. सैपाक टाकून कुठं जाऊ?’

‘मग कार्तिकीला चला.’

‘तवा शाळवाची खुरपनी. तुमी जाताच की.’

अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे गेला, असे परंपरा सांगते. हे आख्यान आम्ही किती गावांत रंगवले! आणि त्या त्या गावात स्वयंपाकघरातून ते ऐकणाऱ्या बायकांना वारी घडली की नाही, हे विचारायचे आम्हांस सुचले नाही. पालखीमार्ग आता बराच रुंद झाला आहे. गाडी पुढे पाठवून तंबूची सावली धरून ठेवणारे वाढले आहेत. त्यांत कीर्तनकारही आहेत. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस उरला नाही. चौथ्या दिवशी आम्हीही मुकाट्याने एस.टी.त बसलो आणि नातेपुत्यास दिंडी गाठली.

तेव्हापासून दरवर्षी त्या वस्तीवर उतरतो, आणि उठण्याआधी पंगतीच्या पत्रावळी उचलतो. दिंडीतली तरुण पोरेही आता हात लावतात.

सन 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. दशमीच्या दिवशी पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. आम्ही घरातच होतो. संध्याकाळी वस्तीवर फोन लावला. म्हातारीला आता ऐकू कमी येते, म्हणून ती मोठ्याने बोलते.

‘म्हाराज, गाडी कंच्या रस्त्यानं गेली, ठावं न्हाई. आमी आपला सडा घातला हुता.’