शब्द ग्रंथाचा, मत आपलं



मडगावच्या एका कुटुंब-गटातून प्रश्न आला आहे. शेजारी ख्रिस्ती, येणं-जाणं घरच्यासारखं. त्यांच्याकडे सध्या वाद चाललाय की बायबलच्या नव्या इंग्रजी भाषांतरात समलिंगी माणसांविषयीचं वचन बदललं. ग्रंथ असा काळाप्रमाणे बदलावा का?

दुसऱ्याच्या धर्मग्रंथाचा न्याय करायला आम्ही बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. पण जो कुणी ग्रंथ मानतो त्याला हा प्रश्न आज ना उद्या पडतोच, म्हणून जरा खोलात गेलो.

वाद मुख्यतः एका शब्दाचा आहे. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, देवाच्या राज्याला मुकणाऱ्यांची यादी आहे. त्यात 'आर्सेनोकोइताय' असा ग्रीक शब्द येतो. फोड केली तर 'पुरुष' आणि 'शेज'. पौलाच्या आधीच्या लिखाणात तो सापडत नाही. १९४६ साली अमेरिकेत 'रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन'चा नवा करार निघाला. त्यात हा शब्द आणि शेजारचा 'मालाकोय' (म्हणजे मऊ) असे दोन्ही मिळून एकच शब्द घातला: 'होमोसेक्शुअल्स'. आता हा शब्द १८६९ मध्ये जर्मन भाषेत पहिल्यांदा छापला गेलेला. तो नुसती कृती सांगत नाही, माणसाची घडणच सांगतो. म्हणजे ज्याने आयुष्यात कुणाला हात लावला नाही, असा संयमाने राहणारा मुलगाही त्या यादीत जाऊन बसला! १९७१ च्या आवृत्तीत भाषांतरकारांनी तो शब्द काढला, १९८९ मध्ये पुन्हा वेगळा शब्द घातला. २०२१ च्या सुधारणेत निषिद्ध संबंध ठेवणारे पुरुष, अशा अर्थाचे शब्द आले आणि मूळ शब्दाचा अर्थ निश्चित नाही अशी तळटीप दिली.

मग बदल आधी कुणी केला? 'आधुनिक लोक ग्रंथ वाकवतात' अशी तक्रार करणाऱ्यांनी १९४६ चं पान जरूर बघावं. तिथेही मूळ शब्दाच्या जागी आधुनिक शब्दच बसवला होता, फक्त तो त्यांच्या सोयीचा होता.

पण दुसऱ्या बाजूलाही सोय आहेच. २०१२ मध्ये 'क्वीन जेम्स बायबल' निघालं. त्यात आठ वचनं बदलली. लेवीयच्या अठराव्या अध्यायातल्या मनाईला 'मोलखच्या मंदिरात' अशा अर्थाची जोड दिली, म्हणजे मनाई तेवढ्यापुरतीच उरली. मूळ हिब्रू वचनात हे शब्द नाहीत. मोलखचा उल्लेख आहे तो आधीच्या वचनात. करणाऱ्यांनी स्वतःची नावंही छापली नाहीत. शिवाय लेवीयच्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'पुरुष' आणि 'शेज' हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी येतात. पौलाने तिथूनच आपला शब्द जुळवला असावा, हे म्हणणं आम्हाला वजनदार वाटतं. म्हणून 'पौलाला असं काही म्हणायचंच नव्हतं' हे इतक्या सहज म्हणता येत नाही.

आपल्याकडे नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अपपाठ काढले, माऊलींचे शब्द जागेवर आणले. एवढा मोठा कवी! मनात आणलं असतं तर स्वतःच्या ओव्या कुणाला कळू न देता मिसळून दिल्या असत्या. उलट पुढे कुणी पदरची ओवी घालू नये असं त्यांनी बजावलं. स्वतःला जे सांगायचं ते भागवतात, भारुडांत, स्वतःच्या नावावर सांगितलं.

आमचं माप तेच आहे. चुकलेलं भाषांतर दुरुस्त करावं, शंका असेल तर तळटीपेत लिहावी. वचन पटत नसेल तर सरळ म्हणावं, 'इथे असं लिहिलं आहे आणि मला ते स्वीकारता येत नाही.' हे जड जातं खरं. ग्रंथाच्या तोंडी आपलं मत घातलं की ही जबाबदारी टळते, म्हणूनच तो मोह होतो. (गुरुदेवांच्या प्रवचनाचे उतारे फॉरवर्ड करताना खाली आपली ओळ जोडणाऱ्यांनीही ती स्वतःच्या नावाने, वेगळी लिहावी ही विनंती.)

आणि जबाबदारी दुसऱ्या वाटेनेही टाळतात. 'लिहिलंच आहे तसं' म्हणून पोटच्या पोराला घराबाहेर काढणारा बाप लिहिणाऱ्याच्या आड लपतो. पौलाच्या त्याच यादीत लोभी आहेत, दारुडे आहेत, निंदा करणारे आहेत. लोभी काकांना मात्र लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात.

आपल्यापैकी कुणाच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल आणि बोलावंसं वाटत असेल, तर गुरुवारी आरतीनंतर ज्येष्ठ साधक बसलेले असतात. एकटं या किंवा मुलाला घेऊन या. गोष्ट बाहेर जाणार नाही.