अरुणाचे अपुरेपण

महाभारतात विनतेने उतावीळपणे अंडे फोडले आणि अरुण कमरेखाली अपुरा जन्मला. त्याने आईला दास्याचा शाप दिला. पुढे तोच सूर्याचा सारथी झाला. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे भवितव्य प्रारब्धात असते की घरात, हा प्रश्न या कथेइतकाच जुना आहे.

योगवासिष्ठ दैवापेक्षा पुरुषार्थ श्रेष्ठ मानते. पण तान्ह्या जिवाचा पुरुषार्थ करायचा कोणी? तो घरानेच करावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८० च्या दशकाअखेरीस जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा थेट तारुण्यापर्यंत घेतला. त्यांच्या बौद्धिक वाढीत आईच्या शिक्षणाचा वाटा ठळक दिसला. मेंदूला झालेली प्रत्येक इजा माया भरून काढत नाही, हेही खरे; म्हणूनच पूर्वकर्माचे नाव घेऊन आईला दोष देणे हा अन्यायच.

बाळाला उघड्या छातीशी धरणे, त्याच्याशी बोलणे, तपासण्या न चुकवणे, एवढे तरी घराच्या हाती असते. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणीमुळे वसलेल्या नंदिनी नगरात नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबातल्या आईचे माहेर दूर असते. तिथे ती छाती बापाचीही असावी.