सूर्य, शेण व शेजारी

राजूर या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. आम्ही येथे लिहीत आहो ते यवतमाळ जिल्ह्यातील, वणी तालुक्यातल्या राजूरविषयी. ज्यांस त्या बाजूने जाण्याचा प्रसंग आला असेल त्यांस तेथील चुन्याच्या भट्ट्या व कोळशाच्या धुळीने काळवंडलेले रस्ते सांगावयास नकोत. त्या भूमीच्या पोटात कोळसाही आहे व चुनखडकही आहे; एकाच्या आचेवर दुसरा भाजून पांढरा चुना करावा, हा तेथील जुना धंदा होय. वर्धा नदीच्या खोऱ्यातील हा कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहूनही जुन्या अरण्यांचा अवशेष. याच खोऱ्यातल्या कोळशावर शेजारच्या चंद्रपुरास २,९२० मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र चालते व ती वीज तारांवाटे दूरदूरच्या नगरांस जाते. आणि त्याच मुलखात गरिबाची चूल मात्र आजही पऱ्हाटीवर, तुराट्यांवर व गोवऱ्यांवर पेटते. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरी सिलिंडर आले खरे. परंतु एकदा संपलेला सिलिंडर पुन्हा भरून आणण्यास रोख पैसा लागतो, आणि मजुराच्या घरी तो नेहमी असतोच असे नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या भागातील एका वस्तीत आम्ही एका स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. गृहस्थ शेतकरी, मंडळीचे जुने सभासद, गोठ्यात पाच गुरे. त्यांनी शासकीय अनुदान व थोडे कर्ज मिळवून अंगणात दोन घनमीटरांची गोबर गॅसची टाकी बांधली होती, व त्याच गॅसवर केलेला चहा आम्हांस मोठ्या कौतुकाने दिला. निळी, स्वच्छ ज्योत. भिंतीला काजळी नाही, गृहिणीच्या डोळ्यांस पाणी नाही. आम्हीही मनापासून त्यांचे अभिनंदन केले. मग चहाचे पेले उचलता उचलता त्या बाई हळूच म्हणाल्या की, एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. गल्लीच्या पलीकडे एक विधवा राहते. तिला शेत नाही, गुरे नाहीत. सकाळी गुरे रानात जाताना व सांजेला परतताना वाटेवर पडलेले शेण ती टोपल्यात गोळा करी, त्याच्या गोवऱ्या थापी, व त्यावर तिचे भागे. आता टाकीस रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते. म्हणून घरचा मुलगाच टोपले घेऊन गुरांमागे जातो. ती एके दिवशी दारात येऊन म्हणाली, "तुमच्या घरी गॅस आला, पण माही चूल इझली न, माय." घरधन्याने आम्हांस सरळ विचारले, "आमच्या हातून यात पाप घडले काय?"

आम्ही त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ते आम्हांस स्वतःसच पटले नाही; सबब हा लेख.

घरधन्याची बाजू प्रथम ऐकणे न्याय्य होय. गुरे त्याची, वैरण त्याची, कर्जाचा हप्ता त्याचा. गुरापासून जे जे निघते ते धन्याचे, मग ते गोठ्यात पडो की वाटेवर पडो, असे कोणताही वकील सांगेल. शिवाय गोवरी जाळण्यात नासाडी फार. साध्या चुलीवर गोवरीची बहुतेक उष्णता वाया जाते, धूर छातीत जातो, आणि पिकास उपयोगी पडणारा नत्र हवेत उडून जातो. टाकीत मात्र शेणात तितकेच पाणी कालवून ते हवाबंद कुजविले असता त्यातून मिथेन वायू निघतो, तो शेगडीत कितीतरी काटकसरीने जळतो, आणि मागे उरलेल्या रबडीत खताचा सारा कस शिल्लक राहतो. एका शेणातून जाळही मिळावा व खतही मिळावे, याहून अधिक शहाणपणाचा संसार कोणता? देशाच्या दृष्टीने पाहता पाटीभर शेण टाकीत जाणे हेच हिताचे आहे. हे सर्व आम्हांस मान्य आहे.

पण देशाचे हित व विधवेची चूल या दोन गोष्टींचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो काय? लाभ एका घरी झाला व तोटा दुसऱ्या घरी. बेरीज केली तर लाभ अधिक दिसतो, एवढ्याने ज्याचा तोटा झाला त्याचे समाधान कसे व्हावे? भारतात गोबर गॅसचा प्रसार १९६०नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत होऊ लागला, तेव्हापासून हा आक्षेप विचारवंतांनी घेतलेला आहे: ज्या शेणास काल किंमत नव्हती त्यास आज किंमत आली, व किंमत येताच ते गरिबाच्या हातून गेले.

मोशेच्या नियमशास्त्राशी परिचित असलेल्या आमच्या वाचकांस येथे सरव्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावीत, असा तो दंडक होता. आणि मवाबी रूथ बवाजाच्या शेतात गेली ती भीक मागण्यास नव्हे, तर ह्या दंडकाच्या आधाराने. शेत बवाजाचेच होते, ह्याविषयी कोणी वाद केला नाही. परंतु मालकीच्या कडेला एक पट्टी अशी ठेवलेली होती की, तेथे मालकाचा हात पोहोचू नये. आमच्या खेड्यांत असा लेखी नियम नसला तरी वाटेवरचे शेण, बांधावरचे गवत, वेचणी संपल्यावर झाडावर उरलेला कापूस, यांविषयी न बोललेली अशीच समजूत होती. नवे यंत्र आले की ती समजूत कोणी मोडीत नाही. ती आपोआप मोडते. हेच ह्या प्रकरणातले कठीण होय. कोणी दुष्टपणा केला नाही, तरी अन्याय घडला.

राजूरहून उत्तरेस वर्ध्यास मगनवाडी आहे. तेथे १९३४पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी चालविले. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेला, विलायतेस हिशेबतपासनिसाची विद्या शिकून आलेला हा मनुष्य घाणीच्या तेलावर जळणारा मगनदीप व धूर न करणारी मगनचूल यांच्या खटाटोपात रमला, याचे त्या काळी पुष्कळांस हसू आले असेल. कारावासात लिहिलेल्या व १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या ग्रंथात त्यांनी असा भेद केला की, कोळसा, खनिज तेल, धातू हे साठ्याचे धन. उपसले तितके कमी होते, आणि साठ्यावर ताबा मिळविण्यासाठी मनुष्य मनुष्याशी लढतो. उलट लाकूड, पीक, वाहते पाणी हे ओघाचे धन. ते वर्षास वर्ष येत राहते, आणि त्यावर उभारलेला संसार कलहास कमी कारण देतो. राजूरच्या खाणीशेजारी उभे राहिले असता ह्या भेदातील सत्य डोळ्यांस दिसते. आम्ही उपसलेला कोळसा आमच्या नातवंडांसाठी पुन्हा तयार होणार नाही, आणि त्यांस विचारूनही आम्ही तो उपसलेला नाही.

कुमारप्पांविषयी आमच्या मनात मोठा आदर आहे. तथापि विधवेच्या त्या एका वाक्याने आमच्या ध्यानात असे आले की, ओघासही बांध घालता येतो. शेण ओघाचे धन, सूर्याचे ऊनही ओघाचेच धन. पण टाकी ज्याच्या अंगणात व छप्पर ज्याचे पक्के, त्याच्याच घरी तो ओघ वळतो. २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत घरावर सौरपट्ट्या बसविण्यास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, ही चांगलीच गोष्ट झाली. एक किलोवॅटच्या पट्ट्यांस सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते व त्यांतून दिवसास चारएक युनिट वीज निघते. (राजूरसारख्या ठिकाणी मात्र काच वारंवार पुसावी लागेल; चुन्याची पूड दवाने ओली झाली की ती काचेस घट्ट धरते.) परंतु ज्याचे छप्पर कुडाचे, किंवा ज्याची जागा त्याच्या नावे नाही, त्याने पट्ट्या कोठे बसवाव्या? सूर्य नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच उगवतो. भेद होतो तो छपरावर.

ह्यावर कोणी म्हणेल, मग काय, टाकी फोडावी? मुळीच नाही. आम्ही तर म्हणतो, आणखी टाक्या व्हाव्या. टाकणाऱ्यांनी टाकलेल्या वस्तूतून टाकलेल्या लोकांस उजेड मिळाल्याची उदाहरणे ह्याच महाराष्ट्रात आहेत. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून वायू काढून त्यावर दिवाबत्ती करीत. समाजाने ज्यांस वेशीबाहेर काढले त्यांच्या खोल्यांत, समाज ज्याचे नावही घेत नाही त्या पदार्थापासून, दिवे लागले! पुढे कणकवलीस अप्पासाहेब पटवर्धनांनी व देहूस डॉ. मापुसकरांनी शौचकूपास गॅसची टाकी जोडण्याचे काम नेटाने केले. एका घराच्या शौचकूपातला वायू स्वयंपाकास पुरत नाही. पुष्कळ घरांचा एकत्र केला तरच तो कामाचा होतो. म्हणजे ह्या धनाचा स्वभावच असा की, ते एकट्याच्या हाती लागत नाही. त्यावर अन्न शिजविण्याची किळस हा खरा अडथळा. त्या किळसेविषयी आम्हांस पुष्कळ लिहावयाचे आहे, पण ते पुन्हा केव्हातरी.

शेणाचेही असेच सामायिक रीतीने करून पाहिलेले आहे. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पुरा हे शंभराहून कमी घरांचे खेडे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक अमूल्य रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी तेथे साऱ्या गावाची मिळून एक टाकी बांधली. प्रथम विचार सर्वांच्या चुलींस गॅस पुरविण्याचा होता. शेण तेवढे पुरेना. तेव्हा १९८७ साली त्याच गॅसवर इंजीन चालवून कूपनलिकेचे पाणी व दिव्यांची वीज गावास देऊ लागले. ज्याच्याकडे गुरे होती त्याने शेण आणावे. ते तोलून किलोमागे काही पैसे आणणाऱ्याच्या हातावर ठेवावे. रबडी शेणाच्या प्रमाणात परत न्यावी. आणि पाणी व दिवा मात्र गुरे असणाऱ्यास व नसणाऱ्यास दोघांसही. सुमारे दशकभर हे चालले व मग थांबले. थांबले म्हणून कोणी त्यास हसू नये. दहा वर्षे एकोप्याने चाललेले सामायिक काम आपल्या गावी किती आहे, हे प्रत्येकाने आपल्याशी मोजून पाहावे. अलीकडे, २०२४च्या ऑगस्टात, सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याची वाडी ही सुमारे शंभर घरांची वाडी राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. तेथेही विचार घराघराचा नव्हे, अख्ख्या वाडीचा झाला, हे आम्हांस विशेष वाटते.

पुन्हा आमच्या स्नेह्यांकडे वळू. आम्ही परत आल्यावर त्यांस पत्र लिहून सरव्याची गोष्ट सुचविली: टाकीस आठवड्यातून एक दिवस शेण घातले नाही तर ती बिघडत नाही, गॅस थोडा उतरतो इतकेच, तर त्या एका दिवसाचे शेण त्या बाईंस द्यावे. त्यांनी ते आनंदाने मानले, व पुढल्याच रविवारी सकाळी पाटी भरून तिच्या दारी ठेवली. तिने ती घेतली नाही. म्हणाली, "पयले मी वाटेवरचं उचलत होती, कोणाले मागत नोती."

हे वाचून आमची आम्हांस लाज वाटली. आम्ही सरवा म्हणून जे सुचविले ते सरवा नव्हतेच. ती भीक होती. रूथ शेतात स्वतः गेली होती, बवाजाने पेंढी तिच्या दारी पाठविली नव्हती. जे तिचे होते ते काढून घेऊन त्यातलेच थोडे देणगी म्हणून परत करणे, ह्यात देणाऱ्यास पुण्य वाटते व घेणाऱ्यास खाली पाहावे लागते. दयेच्या पुष्कळ कामांत आम्हां मंडळीच्या लोकांकडून हीच चूक होते, आणि ती आमच्या ध्यानात येत नाही, कारण पाटी भरलेली असते.

आता त्या गल्लीतील गुरे असलेली सात घरे एक मोठी टाकी बांधावी अशा विचारात आहेत. पुऱ्याप्रमाणे शेण तोलून घ्यावे, आणि ते गोठ्यातले की वाटेवर वेचलेले, हे विचारू नये. जो आणील त्यास पैसे अथवा तितका गॅस. घरधन्याचा मुलगा टोपले घेऊन गुरांमागे जाणे बंद करील, असे त्यांनी लिहिले आहे. ती विधवाही बैठकीस आली होती व दाराशी बसली होती. तिने एवढेच विचारले की, काटा कोणाच्या अंगणात राहील व वजन कोण वाचील. त्यावर अद्याप एकमत झालेले नाही.